एका थपडेने चेहरा लुळा पडला, पण ललिता पवार थांबल्या नाहीत!

ललिता पवार म्हटलं की आठवते खाष्ट सासू, 'रामायण'मधली मंथरा आणि तो बारीक झालेला डावा डोळा. अनेकांना तो अभिनयाचा भाग वाटायचा. प्रत्यक्षात ती जुनी दुखापत होती.

१९१६ साली येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळातच पडद्यावर आल्या आणि नायिका झाल्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती नको इतकी जोरात बसली. चेहरा लुळा पडला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षं उपचार चालले, तरी डोळा अधूच राहिला.

अशा वेळी नेमकं काय होतं? चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाजवळून येते. तिला इजा झाली किंवा सूज आली की तोंड एका बाजूला ओढलं जातं, पापणी मिटत नाही, पाणी पिताना ओठांतून सांडतं, कपाळावर आठ्या पडत नाहीत. मार न लागताही हे अचानक होऊ शकतं. त्याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. मात्र सोबत हात-पाय लुळे पडले किंवा जीभ अडखळली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. दोन्हींत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं.

ललिताबाईंची नायिकेची वाट बंद झाली. त्यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या. 'अनाडी'मधल्या (१९५९) मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९८ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. अधू झालेला तो डोळाच शेवटी त्यांची ओळख ठरला.