ज्यूलियस सीझर वांचता तर?

इ. स. पूर्वी ४४ च्या मार्च महिन्याच्या १५ व्या दिवशीं सकाळीं ज्यूलियस सीझर सेनेटच्या सभेस जावें कीं न जावें या विचारांत घरीं बसला होता. पत्नी कॅल्पर्निया हिला रात्रीं दुःस्वप्नें पडलीं होतीं. त्याचीही प्रकृति ठीक नव्हती. पण कटांत सामील असलेल्या डेसिमस ब्रूटस यानें मित्रभावाचें सोंग आणून त्यास बाहेर काढलें. वाटेंत आर्टेमिडोरस या ग्रीक पंडितानें कटाची हकीकत लिहिलेला कागद त्याच्या हातीं दिला. गर्दीमुळें तो वाचावयाचा राहिला. सभागृहांत त्याच्या देहावर २३ जखमा झाल्या. वैद्य अँटिस्टियस याच्या मतें त्यांतील छातीवरची एकच प्राणघातक होती!

वाचकहो, ती एक जखम चुकती तर?

तारुण्यांत चांच्यांनीं सीझरला धरिलें असतां, खंडणी देऊन सुटतांच त्यानें गलबतें जमवून त्यांस पकडलें व क्रुसावर चढविलें. परशत्रूशीं तो असा कठोर. स्वकीयांशीं मात्र विलक्षण उदार. गॉल देश जिंकून इ. स. पूर्वी ४९ मध्यें त्यानें रुबिकन नदी ओलांडली, पुढील वर्षीं फार्सेलस येथें पाँपीचा पराभव केला, आणि पाँपीच्या पक्षाच्या मार्कस ब्रूटस व कॅशियस यांस क्षमा करून मोठ्या अधिकारांवर नेमिलें. तहहयात सर्वाधिकारी झाल्यावरही त्यानें आपले स्पॅनिश अंगरक्षक दूर केले होते. त्याच दोघांनीं त्याजवर खंजीर उगारला! सीझर जगता, तरी त्याची क्षमाशीलता त्या दिवशीं मरतीच, असें आम्हांस वाटतें. अंगरक्षक परत येते, आणि मारेकऱ्यांना हवें असलेलें प्रजासत्ताक राज्य अधिकच दूर जातें.

तीनच दिवसांनीं तो पार्थियावर स्वारीस निघणार होता. इ. स. पूर्वी ५३ मध्यें तेथें क्रॅससचा सैन्यासह नाश झाला होता. त्याचा सूड घ्यावयाचा होता. घरींही कामें थोडीं नव्हतीं: पाँटाइन दलदल कोरडी करणें, कॉरिंथच्या संयोगभूमींतून कालवा खणणें, कायद्यांचा संग्रह, व्हॅरोच्या देखरेखीखालीं ग्रंथालय. तो कालवा १८९३ मध्यें खुला झाला; दलदल तर १९३० नंतरच्या दशकांत हटली. वयाच्या ५५ व्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्रस्त असतां, सीझरच्या हातून यांतील किती कामें पार पडतीं, याची आम्हांस शंकाच आहे.

आणि अपोलोनिया येथें अध्ययन करणारा त्याच्या भाचीचा १८ वर्षांचा मुलगा ऑक्टेव्हियस? तो मामाआजोबांच्या छावणींत शिकाऊ सरदार म्हणून राहता. ऑगस्टस ही पदवी त्यास बहुधा मिळती ना. आणि आपल्या वर्गांतील कॅलेंडरावर जुलैच्या पुढच्या पानावर सेक्स्टिलिस हेंच जुनें नांव छापलेलें असतें.