डेव्ही क्रॉकेट : आधी खात्री, मग नेम



प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच उत्तर लिहून मोकळी होणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना एकदा डेव्ही क्रॉकेटची गोष्ट सांगा.

बालपण

डेव्हीचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी भागात, गरीब घरात झाला. तो लहान असताना त्याचा मामा हरणाच्या शिकारीला गेला. झुडपात काहीतरी हललं. हरीणच असणार असं समजून मामाने गोळी झाडली. प्रत्यक्षात तिथे एक शेजारी रानद्राक्षं तोडत होता! गोळी त्याच्या शरीरातून आरपार गेली. सुदैवाने तो वाचला. पण ही घटना डेव्ही जन्मभर विसरला नाही.

शाळा

वयाच्या बारा-तेराव्या वर्षी तो शाळेत गेला. चारच दिवसांत एका मुलाशी मारामारी झाली आणि मास्तरांच्या भीतीने तो रानात लपून राहू लागला. पुढे वडिलांच्या माराला घाबरून घरातूनच पळाला. दोन-अडीच वर्षांनी परतल्यावर मात्र वडिलांचं ३६ डॉलरचं कर्ज फेडण्यासाठी त्याने सहा महिने मजुरी केली, दुसऱ्या ४० डॉलरसाठी आणखी सहा महिने. मग मोठ्या वयात स्वतःहून शाळेत बसला. आठवड्यातले चार दिवस शिक्षण आणि दोन दिवस काम! सहा महिन्यांत तो जेमतेम लिहा-वाचायला शिकला.

ठासणीची बंदूक

कमाईतून त्याने चांगली रायफल मिळवली. ती होती ठासणीची, म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी मोजून दारू घालायची. मग चरबी लावलेल्या कापडात शिशाची गोळी गुंडाळून गजाने खाली ठासायची. शेवटी बाहेर कानाजवळ रंजक ठेवायची. चकमकीची ठिणगी पडली की बार उडायचा. नळीत मळसूत्री खाचा असल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जायची. पण दारू कमी-जास्त झाली किंवा नळीत काजळी साठली की नेम चुकलाच म्हणून समजा.

म्हणून नेमाची परीक्षा आधी खुणेवर व्हायची. गावोगावी स्पर्धा भरत, खुणेच्या सर्वांत जवळ गोळी मारणाऱ्याला गुराच्या मांसाचा वाटा मिळे. एका स्पर्धेत डेव्ही आणि त्याच्या जोडीदाराने सगळंच मांस जिंकलं!

खुणेवर चूक झाली तर पुन्हा गोळी मारता येते. रानात तसं नसतं. बंदूक पुन्हा भरायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं, तोवर हरीण कुठल्या कुठे जातं. आणि समोर हरणाऐवजी माणूस असेल तर? नेम कितीही अचूक असला तरी काय उपयोग? मामाचा नेम कुठे चुकला होता! चुकली होती ती ओळख.

संसदेतली परीक्षा

आधी आपलं बरोबर आहे याची खात्री करा आणि मगच पुढे चला, हे डेव्हीचं ब्रीद झालं. १८२७ मध्ये तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला. १८३० मध्ये मूळनिवासींना त्यांच्या भूमीवरून हलवण्याचा कायदा आला. डेव्हीचे आजी-आजोबा मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले होते. तो स्वतः क्रीक लोकांविरुद्ध लढला होता. तरीही हा कायदा अन्यायाचा आहे अशी त्याची खात्री झाली आणि टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी एकट्या त्याने विरोधात मत दिलं. पुढच्याच निवडणुकीत तो हरला.

१८३३ मध्ये तो पुन्हा जिंकला, १८३५ मध्ये पुन्हा हरला आणि टेक्सासला गेला. ६ मार्च १८३६ रोजी अलामोच्या लढाईत त्याचा अंत झाला.

ही गोष्ट मुलांना सांगताना झुडूप हललं तिथे जरा थांबा. मामाने गोळी झाडण्याआधी काय करायला हवं होतं, ते मुलांनाच विचारा. घाईने उत्तर लिहिणारं मूलही इथे विचार करून बोलतं बघा.