तारेवरून निरोप धाडणारा चित्रकार



इंटरनेटचा इतिहास सांगताना सगळे कॉम्प्युटरपासून सुरुवात करतात. मी मात्र एका चित्रकारापासून करणार आहे. त्यांचे नाव सॅम्युएल मोर्स.

मोर्स यांचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटाउन येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि भूगोलाची पुस्तके लिहीत. सॅम्युएलला मात्र चित्रांचा भारी नाद! १८१० साली येल कॉलेजातून पदवी घेतल्यावर तो चित्रकला शिकायला इंग्लंडला गेला. परत आल्यावर लोकांची चित्रे काढून पोट भरू लागला. पुढे लग्न झाले, मुले झाली.

१८२५ सालच्या फेब्रुवारीत मोर्स वॉशिंग्टनला एका मोठ्या सेनानीचे चित्र काढायला गेले होते. घर राहिले दूर न्यू हेवनला. ७ फेब्रुवारीला तिकडे त्यांची पत्नी लुक्रेशिया वारली. महिन्याभरापूर्वीच ती बाळंत झाली होती. निरोपाचे पत्र टपालाने निघाले. त्या काळी घोडा पळेल तेवढाच निरोप पळायचा. पत्र मिळून मोर्स घरी पोचले, तोवर तिचे दफनही उरकले होते. शेवटचे तोंड पाहणेसुद्धा त्यांच्या नशिबी नव्हते. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

१८३२ साली मोर्स युरोपातून बोटीने परत येत होते. बोटीवर विजेच्या चुंबकाच्या गप्पा निघाल्या. लोखंडाभोवती तार गुंडाळून वीज सोडली की ते चुंबक होते, वीज तोडली की चुंबकपणा जातो. मोर्स यांनी ताडले, याने दूरवर खुणा पाठवता येतील! लगेच त्यांनी वहीत यंत्राची चित्रे काढली.

पण काम एकट्याचे नव्हते. जोसेफ हेन्री यांचे संशोधन, प्राध्यापक गेल यांचा सल्ला आणि आल्फ्रेड व्हेल यांचे कसबी हात मदतीला आले. त्याच सुमारास इंग्लंडातही कूक आणि व्हीटस्टन यांनी तारयंत्र तयार केले. मोर्स यांची खुणांची भाषा मात्र अगदी सोपी होती. टिंब आणि रेघ, बस्स! इंग्रजीत ई हे अक्षर सर्वांत जास्त येते, म्हणून त्याला नुसते एक टिंब.

पैशासाठी मोर्स यांनी पुष्कळ खेटे घातले. शेवटी १८४३ साली सरकारने ३०,००० डॉलर मंजूर केले. तार आधी जमिनीत पुरली, ती बिघडली. मग खांब रोवून वरून नेली. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून सुमारे ४० मैलांवरच्या बाल्टिमोरला निरोप गेला. निरोपाने घोड्याला मागे टाकले!

मोर्स यांची एक गोष्ट मला मुळीच पटली नाही. गुलामगिरी योग्य आहे असे ते मानत आणि तसे लिहीतही. शोध मोठा असला तरी माणसाचा प्रत्येक विचार मोठा असतोच असे नाही.

१८७० साली समुद्रातल्या तारेने आपली मुंबई लंडनशी जोडली गेली. २ एप्रिल १८७२ रोजी मोर्स वारले. त्यांच्यामागे तार खेडोपाडी पोचली. आमची आजी सांगते, तारवाला दिसला की बायाबापड्यांच्या छातीत धस्स व्हायचं. आपल्या देशातली तारसेवा २०१३ साली बंद झाली.

पण मोर्स यांची युक्ती संपली नाही. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत दोन गावांतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले. त्यातूनच पुढे इंटरनेट वाढले. १५ ऑगस्ट १९९५ पासून ते आपल्या देशात सर्वांना मिळू लागले. मोर्स यांची टिंब आणि रेघ, तर कॉम्प्युटरचे शून्य आणि एक. दोनच खुणांत सगळे जग मावते!

आपल्या वर्गातल्या काहींचे आईबाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आता रात्री फोनवर त्यांचे तोंड दिसते, आजीचा ताप उतरला की नाही ते त्यांना लगेच कळते. मोर्स यांना त्यांच्या माणसाची खबर वेळेत मिळाली नाही. आपल्याला मिळते. म्हणून फोन हातात आला की आधी दूरच्या आपल्या माणसाची खुशाली विचारू या, खेळ मग खेळू.

— इयत्ता ७ वी