सोलापुरात संक्रांतीला योगदंडाचं लग्न का लागतं? सिद्धरामेश्वरांचं आयुष्य आणि गड्डा यात्रेमागची गोष्ट

*नवरा नाही, नवरी नाही, तरी हजारो वऱ्हाडी एकाच क्षणी अक्षता टाकतात. सोलापूरच्या ग्रामदैवताच्या या सोहळ्याची मुळं १२व्या शतकातल्या एका योग्याच्या आयुष्यात आहेत.*

दरवर्षी जानेवारीच्या मध्यात सोलापुरातली पांढरी बाराबंदी कपाटातून बाहेर येते. उंचच उंच नंदीध्वज रस्त्यावर निघतात आणि सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर लग्न लागतं. हीच ती गड्डा यात्रा. ज्यांच्यासाठी हे सगळं होतं, ते सिद्धरामेश्वर नेमके कोण होते?

सोन्नलगीचा अबोल मुलगा

सिद्धरामेश्वरांचा काळ १२व्या शतकाचा. सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. वडील मुद्दगौडा, आई सुग्गलादेवी. त्यांच्या आयुष्याची बरीचशी माहिती राघवांक या कन्नड कवीच्या 'सिद्धराम चरित्र' या काव्यातून आणि शरण परंपरेतून येते. त्यामुळे यात इतिहास आणि श्रद्धा एकमेकांत मिसळलेल्या आहेत, हे लक्षात ठेवूनच ही कथा वाचायला हवी.

परंपरा सांगते की सिद्धराम लहानपणी फारसा बोलत नसे. गुरं राखणं हेच त्याचं काम. एके दिवशी रानात एक जंगम आला. आपलं नाव मल्लय्या, गाव श्रीशैल, असं त्यानं सांगितलं आणि खायला मागितलं. मुलानं कोवळी कणसं भाजून दिली. ती खाऊन पोटात आग पडली, आता दहीभात हवा, असं जंगम म्हणाला. मुलगा घरी धावला. दहीभात घेऊन परतला तर मल्लय्या गायब!

रडत रडत तो यात्रेकरूंसोबत थेट श्रीशैलला गेला. तिथं त्याला मल्लिकार्जुनाचं लिंग दाखवण्यात आलं. पण मुलाला दगडातला देव नको होता, भुकेला मल्लय्या हवा होता. शोधून थकल्यावर तो कड्यावरून उडी घ्यायला निघाला आणि तिथं मल्लय्यानं त्याला सावरलं. परत जा आणि सोन्नलगीचंच श्रीशैल कर, असा आदेश त्याला मिळाला, अशी श्रद्धा आहे.

आधी तलाव, मग कीर्ती

गावी परतलेल्या सिद्धरामानं जे केलं, त्याची सर्वात मोठी खूण आजही शहराच्या मध्यभागी आहे. भुईकोट किल्ल्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव त्यांनी लोकांना सोबत घेऊन, श्रमदानातून खोदला, असं परंपरा सांगते. गाव आणि परिसरात त्यांनी ६८ शिवलिंगांची स्थापना केली. सामुदायिक विवाह लावल्याच्याही कथा आहेत.

कमी पावसाच्या या भागात तलाव म्हणजे जगण्याचा आधार. शरण परंपरेत श्रमाला 'कायक' म्हणतात आणि त्याला पूजेचा दर्जा आहे. सिद्धरामांचं कायक होतं पाणी साठवणं. दगड फोडणाऱ्या आणि माती उपसणाऱ्या भोवी-वड्डर समाजात त्यांना आजही गुरुस्थानी मानतात, त्याचं कारण हेच. कर्नाटकातल्या चित्रदुर्गात या समाजाचं गुरुपीठ असून ते सिद्धरामेश्वरांच्याच नावानं ओळखलं जातं.

कल्याणचं वळण

तलावाचं काम सुरू असतानाच अल्लमप्रभू सोन्नलगीला आले. पुढे १५व्या शतकातल्या 'शून्यसंपादने' या ग्रंथपरंपरेत हा प्रसंग रंगवला आहे. अल्लमप्रभूंनी सिद्धरामांचा उल्लेख 'वड्डरांचा राम' असा केला. चिडलेल्या कामगारांनी त्यांच्यावर दगड फेकले, पण त्यांना इजा झाली नाही. नंतर दोघांत वाद झाला. बाहेर मंदिरं उभारलीस, पण आतलं काय, असा अल्लमप्रभूंच्या बोलण्याचा रोख होता.

हा प्रश्न सिद्धरामांना लागला. ते अल्लमप्रभूंसोबत कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले. तिथं महात्मा बसवेश्वरांच्या पुढाकारानं अनुभव मंटप उभा राहिला होता. वेगवेगळ्या जातींचे स्त्री-पुरुष शरण तिथं एकत्र बसून चर्चा करत. चन्नबसवण्णांकडून सिद्धरामांनी इष्टलिंग दीक्षा घेतली. पुढे अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णांनंतर अनुभव मंटपाच्या शून्य सिंहासनाचे ते तिसरे अध्यक्ष झाले.

'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या नाममुद्रेनं त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली. त्यातली हजाराहून अधिक आज उपलब्ध आहेत. कल्याणमधल्या उलथापालथीनंतर ते सोन्नलगीला परतले आणि इथंच त्यांनी समाधी घेतली, असं मानलं जातं.

मग लग्न कुणाचं?

यात्रेच्या केंद्रस्थानी असलेली आख्यायिका अशी: सिद्धरामेश्वर जिथं ध्यानाला बसत, तिथं एक कुंभारकन्या रोज सडा-रांगोळी करायची. तिनं त्यांच्याशी लग्नाची इच्छा व्यक्त केली. आपण योगी, लग्न शक्य नाही, असं त्यांनी सांगितलं. तिचा निश्चय मात्र ढळला नाही. शेवटी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी त्यांनी दिली. विवाहानंतर तिनं अग्नीत स्वतःला समर्पित केलं, असं कथा सांगते.

यात्रेतले सात नंदीध्वज हे या योगदंडाचं प्रतीक मानले जातात. आणि पाच दिवसांचे विधी म्हणजे एका लग्नघराचं वेळापत्रकच आहे:

• यण्णीमज्जन: कन्नडमध्ये 'यण्णी' म्हणजे तेल, 'मज्जन' म्हणजे स्नान. नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालते आणि लिंगांना तैलाभिषेक होतो. लग्नाआधीचा हा तेल-हळदीचा दिवस.

• अक्षता सोहळा: संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं आणि जमलेले भाविक एकाच वेळी अक्षता टाकतात.

• होमविधी: होम मैदानावर कुंभारकन्येच्या प्रतिकृतीला वधूसारखं सजवून होम पेटवला जातो. त्यानंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या हालचालींवरून पुढच्या वर्षाची भाकणूक सांगितली जाते.

• शोभेचं दारूकाम: आतषबाजी पाहायला अख्खं शहर लोटतं.

• कप्पडकळ्ळी: नंदीध्वजांची वस्त्रं उतरवली जातात आणि यात्रेची सांगता होते.

यात्रेचे प्रमुख मानकरी हिरेहब्बू घराणं. त्यांच्या वाड्यातून नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वजांचा मान मात्र एकाच घराण्याकडे नाही. मातंग समाजासह वेगवेगळ्या समाजांकडे तो वाटलेला आहे.

या गोष्टीचा अर्थ काय?

ज्या सिद्धरामांनी ६८ लिंगं स्थापली, त्यांनीच नंतर तळहातावरच्या इष्टलिंगाची वाट धरली. सोलापूरच्या यात्रेनं मात्र त्यांचं पहिलं आयुष्य जपलं. ६८ लिंगं, प्रदक्षिणा, योगदंड. दुसरं आयुष्य वचनांत राहिलं आणि ती वचनं आहेत कन्नडमध्ये. मराठी बोलणारं शहर 'यण्णीमज्जन', 'कप्पडकळ्ळी' हे शब्द सहज वापरतं. पण आपल्या ग्रामदैवतानं लिहिलेलं त्याच भाषेतलं साहित्य इथल्या अनेकांनी वाचलेलं नसतं.

कुंभारकन्येची कथाही आज वाचताना थबकायला होतं. एका मुलीचं आगीत जाणं हा सोहळ्याचा भाग कसा, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. याचं एकच उत्तर नाही. भाविक त्याकडे भक्तीचं समर्पण म्हणून पाहतात. एवढं मात्र खरं की जिची इच्छा नाकारली गेली होती, तिच्याच लग्नाला आज सगळं गाव वऱ्हाडी म्हणून येतं आणि कुंभार समाजाला यात आजही मान आहे.

अक्षता पडल्या की गर्दी पांगते. काही पावलांवर तलाव असतो. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या या शहरात सिद्धरामेश्वरांची सर्वात जुनी ओळख तीच आहे. लोकांना एकत्र आणून पाणी अडवणारा माणूस.