शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे

ज्या धंद्यांत रोज सुरी हातीं धरावी लागते, तो धंदा पुष्कळांस हलका वाटतो. न्हाव्याचा वस्तरा, खाटिकाचा सुरा व चांभाराची रांपी यांचें काम सर्वांस हवें असतें. तरी मुलाचा धंदा निवडण्याची वेळ आली म्हणजे आईबाप लेखणीकडे बोट दाखवितात आणि हत्याराकडे पाठ फिरवितात. यास्तव, ज्यानें वस्तऱ्यापासून आरंभ करून शस्त्रवैद्यांस नवा धडा घालून दिला, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

आंब्रवाज पारे याचा जन्म फ्रान्स देशांत लाव्हाल शहराजवळ इ. स. १५१० च्या सुमारास झाला. घरची स्थिति साधारण असल्यामुळें लॅटिन भाषेंत पारंगत होण्याचा योग त्यास आला नाहीं. त्या काळीं विद्यापीठांतले वैद्य लॅटिन ग्रंथ वाचीत व औषध लिहून देत. परंतु रोग्याच्या अंगास शस्त्र लावणें ते आपल्या प्रतिष्ठेस कमीपणा आणणारें समजत. तें काम बहुधा न्हाव्यांकडे असे. आपल्याकडेहि पूर्वीं न्हावी हजामतीबरोबर तुंबडी लावी व गळूं फोडी, हें वडील माणसांस ठाऊक आहे. फ्रान्सांतील न्हावी दाढी करी, शीर तोडून रक्त काढी, दांत उपटी, आणि प्रसंग पडल्यास हातपायहि कापी. पारे यानें हाच धंदा पत्करिला. पुढें तो पॅरिस शहरीं गेला आणि ओतेल-द्यू नांवाच्या मोठ्या रुग्णालयांत सुमारें तीन वर्षें राहिला. जें ज्ञान त्यास ग्रंथांतून मिळालें नाहीं, तें त्यानें तेथें दरिद्री रोग्यांच्या खाटेजवळ उभें राहून मिळविलें.

इ. स. १५३७ च्या सुमारास तो फ्रान्सच्या सैन्याबरोबर इटलींतील ट्यूरिनच्या स्वारीवर गेला. तेथें एका तबेल्यांत तो शिरला असतां, दारूनें भाजलेले तीन शिपाई भिंतीस टेकून पडलेले त्यानें पाहिले. त्यांचे चेहरे ओळखूं येत नव्हते. हे बरे होतील काय, असें एका वृद्ध शिपायानें त्यास विचारिलें. पारे यानें नकारार्थी उत्तर दिलें. तेव्हां त्या वृद्धानें सुरी काढून, रागावांचून व हळुवार हातानें, त्या तिघांचे गळे चिरले. पारे यानें त्याचा तीव्र निषेध केला. मरणयातना थांबविण्यास आपण उशीर केला नाहीं, असें त्या शिपायास वाटत होतें. पारे यास मात्र हा प्रसंग जन्मभर विसरतां आला नाहीं. सुरी हातीं असणें म्हणजे केवढी सत्ता हातीं असणें, हें त्या तरुणास त्या तबेल्यांत कळलें.

त्याच मोहिमेंत दुसरी गोष्ट घडली. बंदुकीच्या गोळीनें झालेली जखम विषारी असते, म्हणून तींत उकळतें तेल ओतावें, अशी त्या वेळच्या थोर शस्त्रवैद्यांची शिकवण होती, आणि पारेहि तसेंच करूं लागला. एके दिवशीं जखमी फार आले व तेल संपलें. निरुपाय होऊन त्यानें अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाईन यांचें मलम करून उरलेल्यांच्या जखमांस लाविलें. त्या रात्रीं त्यास झोंप आली नाहीं. आपण तेल घातलें नाहीं म्हणून हीं माणसें विषानें मेलेलीं आढळतील, ही धास्ती त्यास लागून राहिली. पहांटेसच उठून तो त्यांस पाहावयास गेला. पाहतो तों मलम लावलेल्यांस वेदना थोडी होती, सूज नव्हती, आणि ते बऱ्यापैकीं झोंपले होते. तेल घातलेले मात्र तापानें फणफणत होते व त्यांच्या जखमा सुजल्या होत्या. त्या दिवसापासून गोळी लागलेल्या मनुष्यास असें निर्दयपणें भाजावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला. इ. स. १५४५ मध्यें त्यानें हा अनुभव पुस्तकरूपानें छापिला, आणि तोहि लॅटिनमध्यें नव्हे, तर साध्या न्हाव्यासहि वाचतां यावा म्हणून फ्रेंच भाषेंत.

पाय कापल्यावर रक्त थांबविण्यासाठीं लाल केलेल्या लोखंडानें डागण्याची चाल होती. इ. स. १५५२ मध्यें दांव्हिये येथील वेढ्यांत एका सरदाराचा पाय कापतांना पारे यानें डाग न देतां रक्तवाहिन्यांचीं तोंडें दोऱ्यानें बांधिलीं. शीर बांधण्याची युक्ति प्राचीनांस माहीत होती. पाय कापण्याच्या कामीं ती लावण्याचें धैर्य त्यानें दाखविलें. गुंगीचें औषध व जंतूंचें ज्ञान हीं दोन्हीं तीनशें वर्षें पुढें होतीं, हें ध्यानांत घेतां त्याच्या दयेची किंमत अधिकच वाटते. ज्यांचे अवयव गेले त्यांच्यासाठीं त्यानें कृत्रिम हातपायांचे नकाशे काढविले. त्यांत दांतेरी चाकांचा लोखंडी हात होता, तसाच गरिबांसाठीं साधा लांकडी पायहि होता.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत मेस शहरास शत्रूचा वेढा पडला असतां राजानें त्यास गुप्तपणें आंत पाठविलें, तेव्हां शिपायांस मोठा आनंद झाला. दुसरा हेन्री, दुसरा फ्रान्सिस, नववा चार्ल्स व तिसरा हेन्री अशा चार राजांच्या पदरीं तो शस्त्रवैद्य होता. तरी इ. स. १५७५ मध्यें त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हां पॅरिसच्या विद्वान वैद्यांनीं त्यांस विरोध केला. न्हाव्याच्या धंद्यांतून आलेल्या मनुष्यानें वैद्यकावर फ्रेंचमध्यें लिहावें, हें त्यांस खपलें नाहीं. पारे मागें हटला नाहीं. तो इ. स. १५९० च्या डिसेंबरांत पॅरिस येथें मरण पावला. मलमपट्टी करणें तें आपलें, बरें करणें तें देवाचें, असें तो नम्रपणें मानीत असे.

आमच्या मंडळ्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी शस्त्रक्रियेच्या खोलींत काम शिकूं इच्छील, दुसरा कोणी वस्तरा किंवा रांपी हातीं घेईल. आईबापांनीं त्यांस धंद्याच्या नांवावरून अडवूं नये. त्यांना एवढेंच विचारावें कीं, आज आपल्या हत्यारानें काय केलें, हें उद्यां पहांटे उठून पाहावयास जाण्याची तुमची तयारी आहे काय? पारे जर त्या सकाळीं अंथरुणांत पडून राहिला असता, तर तेल पुन्हां मिळतांच तो तेंच ओतीत बसला असता, आणि थोरांच्या शिकवणीप्रमाणें वागलों, असें समाधानहि मानिता. तो उठून गेला, म्हणून पुढच्या कित्येक जखमी मनुष्यांचा छळ टळला.