दाराशा वाडिया

अंधेरीस गिल्बर्ट टेकडी नावाचा काळ्या दगडाचा एक उंच सुळका आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो झाला. अशाच लाव्ह्याचे थर सह्याद्रीत चटया अंथरल्याप्रमाणे आडवे पसरलेले आहेत. पनवेलच्या बाजूस मात्र ते पश्चिमेकडे वाकून उतरतात. एवढा कठीण पाषाण वाकतो कसा? घणाच्या घावाने दगड फुटतो हे खरे. परंतु भूगर्भातील उष्णतेत, प्रचंड भाराखाली, लक्षावधी वर्षे मंद रेटा बसत राहिला, म्हणजे तोच दगड कणकेसारखा वळतो. हिमालय अशाच वळ्यांचा बनलेला आहे. त्या वळ्यांचे एक मोठे कोडे दाराशा नोशेरवान वाडिया यांनी सोडविले.

वाडियांचा जन्म १८८३ साली सुरतेस एका पारशी कुटुंबात झाला. बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. परदेशची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९०७ साली ते जम्मूच्या महाविद्यालयात अध्यापक झाले. सुट्टी लागली की ते हातोडी घेऊन डोंगरांची वाट धरीत. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते! विद्यार्थ्यांसाठी भारताच्या भूरचनेवर चांगले पुस्तक नाही, हे पाहून त्यांनी स्वतःच ते लिहिले. १९१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९२१ साली त्यांनी सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात प्रवेश केला.

हिमालयाच्या रांगा वायव्येकडे जाता जाता नंगा पर्वतापाशी एकाएकी दक्षिणेकडे वळतात. येथे दोन निराळ्या पर्वतरांगा एकमेकींस भेटतात, अशी काही नामवंत अभ्यासकांची समजूत होती. वाडियांनी दऱ्याखोरी तुडवून वळणाच्या दोन्ही अंगांचे खडक तपासले. दोन्हीकडे तेच थर, त्याच क्रमाने! म्हणजे रांगा दोन नव्हत्या; एकच रांग मुरडली होती. याचे कारण त्यांनी १९३१ साली मांडले. सतरंजी ढकलली असता तिला वळ्या पडतात आणि वाटेत पाटाचा कोपरा आला, तर त्या वळ्या त्याला वळसा घालतात. तद्वत द्वीपकल्पाच्या अतिप्राचीन कठीण खडकाचे जिभेसारखे टोक पंजाबच्या बाजूस भूमीखाली पुढे आलेले आहे; त्यास अडून हिमालय वळला. नामवंतांच्या मताविरुद्ध जाणे सोपे नव्हते. परंतु वाडियांचा पुरावा डोंगरातच उभा होता.

भारताचा भूपट्ट आशियास जाऊन भिडल्यामुळे हिमालय उचलला गेला, ही उपपत्ती पुढे १९६० नंतर दृढ झाली. तो रेटा अजून थांबलेला नाही; भारतभूमी दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतच आहे.

१९३८ मध्ये निवृत्त झाल्यावर वाडियांनी काही वर्षे श्रीलंकेत काम केले. स्वतंत्र भारतात अणुशक्तीसाठी लागणाऱ्या खनिजांच्या शोधाची धुरा त्यांच्याकडे आली. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६८ साली दिल्लीत हिमालयाच्या अभ्यासासाठी एक संस्था निघाली. पुढच्याच वर्षी वाडिया निवर्तले. १९७६ मध्ये ती संस्था डेहराडूनला गेली आणि तिला त्यांचे नाव देण्यात आले.