लंडनमधला योरुबा वकील

लाडिपो सोलांके. आडनाव मराठवाड्यातले वाटेल, पण माणूस नायजेरियातील अबेओकुटाचा, योरुबा. १९२२ साली ते कायदा शिकायला लंडनला गेले. तिथे काळ्या विद्यार्थ्याला खोली मिळणे मुश्कील. वर एका वृत्तपत्राने त्यांच्या मुलखाला नरभक्षक ठरवले. १९२४ साली सोलांके यांनी त्याचा जाहीर निषेध केला. त्याच वर्षी ते रेडिओवर योरुबातून बोलले. पुढे योरुबा गाण्यांच्या तबकड्याही काढल्या. १९२५ साली सहकाऱ्यांसह पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघ उभारला. वसतिगृहासाठी १९२९ ते १९३२ पश्चिम आफ्रिकेत वर्गणी मागत फिरले. १९३३ साली ते कॅम्डेनमध्ये सुरू झाले. लगेच वसाहत खात्याच्या आश्रयाने दुसरे वसतिगृह निघाले. सरकारी छप्पर कोणाला नको? संघाने मात्र त्यावर बहिष्कार टाकला. सोलांके १९५८ साली लंडनमध्येच वारले.